दीक्षा की दृढीकरण? पूर्व जर्मनीतील श्रद्धावान घरांतील मुले

दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात राहिलेल्या जर्मन प्रदेशात ७ ऑक्टोबर १९४९ रोजी ‘जर्मन लोकशाही प्रजासत्ताक’ या नावाचे जे राष्ट्र स्थापन झाले आणि जे सर्वत्र पूर्व जर्मनी म्हणूनच ओळखले गेले, त्याची धार्मिक घडण सोव्हिएत गोटातील बाकीच्या राष्ट्रांपेक्षा निराळी होती. पोलंड कॅथलिक, बल्गेरिया आणि रुमानिया मुख्यतः ऑर्थोडॉक्स. प्रॉटेस्टंटांचे बहुमत असलेले या गोटातील हे एकच राष्ट्र. १९५० च्या जनगणनेत सुमारे ८० टक्के नागरिकांनी आपली नोंद प्रॉटेस्टंट म्हणून आणि साधारण ११ टक्के नागरिकांनी कॅथलिक म्हणून केली होती. या पंथाचा प्रवर्तक मार्टिन लूथर ज्या आइसलेबेनला जन्मला आणि वारला, ज्या एरफुर्टला शिकला, ज्या विटेनबर्गमध्ये त्याने पोपच्या सत्तेला आव्हान दिले आणि ज्या वार्टबुर्ग किल्ल्यात बसून त्याने नव्या कराराचे जर्मन भाषांतर केले, ती सर्व स्थळे याच देशाच्या हद्दीत होती. चाळीस वर्षांनी हे राष्ट्र मोडले तेव्हा प्रॉटेस्टंट मंडळीचे सभासद लोकसंख्येच्या जेमतेम चौथ्या हिश्शाइतके उरले होते. एवढी ओहोटी शेजारच्या पोलंडमध्ये लागली नाही, आणि धर्मापायी कितीतरी अधिक रक्त सांडलेल्या सोव्हिएत संघाच्या अनेक भागांतही श्रद्धा पुढे पुन्हा उसळून आली. त्यामुळे पूर्व जर्मनीत नेमके काय घडले, हा प्रश्न अभ्यासकांना सतत पडत आला आहे. त्याच्या उत्तराचा थोडा भाग तुरुंगांच्या दप्तरांत असेल, पण मोठा भाग शाळांच्या आठवीच्या वर्गात सापडतो.

हे समजण्यासाठी जर्मन प्रॉटेस्टंट घरातील एका संस्काराची ओळख करून घ्यावी लागते. तान्हेपणी आईवडिलांच्या इच्छेने बाप्तिस्मा झालेले मूल चौदाव्या वर्षाच्या सुमारास मंडळीसमोर उभे राहून स्वतःच्या तोंडाने विश्वासाची कबुली देते आणि मग प्रभुभोजनात, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीत, सहभागी होण्यास पात्र ठरते. या संस्काराला जर्मनमध्ये ‘कोन्फिर्मात्सिओन’ आणि मराठी ख्रिस्ती लोकांत दृढीकरण म्हणतात. त्याआधी साधारण दोन वर्षे मुले पाळकाकडे जाऊन लूथरची लघु प्रश्नोत्तरी पाठ करीत, आणि संस्काराच्या दिवशी प्रत्येकाला बायबलमधील एक वचन दिले जाई, जे पुढे जन्मभर त्या व्यक्तीचे वचन मानले जाई. तथापि या दिवसाचे महत्त्व केवळ धार्मिक नव्हते. जुनी आठ इयत्तांची प्राथमिक शाळा चौदाव्या वर्षीच संपत असल्याने दृढीकरण ही बालपण सरल्याची जाहीर खूण होती: मुलाला पहिला काळा सूट, मनगटावर पहिले घड्याळ, लांबून आलेले नातेवाईक, घरात जेवणावळ. महाराष्ट्रातील अनेक घरांत मुंजीला जसे धार्मिक विधीपेक्षा कुटुंबसोहळ्याचे रूप अधिक आले, तसेच काहीसे येथे झाले होते, आणि एरवी नाताळखेरीज चर्चची पायरी न चढणारी घरेही मुलाचे दृढीकरण चुकवीत नसत. पंथाचे हे बळही होते आणि दुबळेपणाही, कारण सोहळ्यासाठी येणाऱ्या माणसाला तसाच दुसरा सोहळा मिळाला तर तो पहिल्यासाठी किती झगडेल, याची परीक्षा तोवर कधी झाली नव्हती.

नव्या राष्ट्राच्या १९४९ च्या राज्यघटनेत धर्मस्वातंत्र्याचे आश्वासन होते, इतकेच नव्हे तर चर्चला शाळेच्या इमारतींत धर्मशिक्षण देण्याचा हक्कही मान्य केलेला होता. अभ्यासक्रमातून मात्र हा विषय १९४६ च्या शाळा कायद्यानेच काढून टाकलेला होता, त्यामुळे मंडळ्यांनी ‘ख्रिस्ती शिकवण’ या नावाचे स्वतःचे वर्ग सुरू केले, ज्यांत शाळा सुटल्यावर मुले बायबलच्या गोष्टी आणि स्तोत्रे शिकत. राज्य चालविणारा जर्मन समाजवादी एकता पक्ष, म्हणजे एसईडी, १९४६ साली कम्युनिस्ट आणि सोशल डेमोक्रॅट यांच्या सक्तीच्या विलीनीकरणातून जन्मला होता. धर्म हा जुन्या समाजव्यवस्थेचा अवशेष असून समाजवाद रुजला की तो आपोआप गळून पडेल, असे त्याचे तत्त्वज्ञान सांगत होते. आपोआप गळून पडणाऱ्या गोष्टीवर पुढे एवढी शक्ती का खर्च करावी लागली, याचे उत्तर त्या तत्त्वज्ञानात मिळत नाही.

पहिला घाव उघड आणि ओबडधोबड होता. प्रॉटेस्टंट तरुणांचे गट गावोगाव ‘युंगे गेमाइंडे’, अर्थात तरुण मंडळी, या नावाने जमत. बायबलवाचन, गाणी, सहली आणि गप्पा असे त्यांचे स्वरूप असे, आणि पृथ्वीगोलावर क्रूस अशी छोटी खूण अनेक मुले कोटावर लावून शाळेत येत. युवकांची एकच संघटना असावी, ती म्हणजे १९४६ साली स्थापन झालेली निळ्या सदऱ्यांची ‘मुक्त जर्मन युवक’ ही पक्षाची संघटना, असा आग्रह असल्याने ही खूण सत्तेच्या डोळ्यांत सलू लागली. १९५२ च्या उन्हाळ्यात पक्षाने ‘समाजवादाच्या उभारणी’ची घोषणा केल्यानंतर काही महिन्यांतच या गटांविरुद्ध मोहीम सुरू झाली, आणि एप्रिल १९५३ मध्ये युवक संघटनेच्या ‘युंगे वेल्ट’ या दैनिकाने खास अंक काढून तरुण मंडळी ही पश्चिमेच्या हेरांची आणि घातपात्यांची टोळी असल्याचा आरोप केला. शाळांतून सभा भरविण्यात आल्या, ज्यांत क्रूसाची खूण लावणाऱ्या मुलाला व्यासपीठावर उभे करून सर्व विद्यार्थ्यांसमोर तिचा त्याग करण्यास सांगितले जाई, आणि त्याने नकार दिल्यास हात वर करून त्याच्या हकालपट्टीचा ठराव होई. हात वर करणाऱ्यांत त्याच्या बाकावर बसणारा मित्रही असे. अशा रीतीने सुमारे ३ हजार विद्यार्थ्यांना माध्यमिक शाळांतून काढण्यात आले आणि कित्येक पाळकांना व युवक कार्यकर्त्यांना अटक झाली. मार्चमध्ये स्तालिन वारला होता आणि मॉस्कोतील नव्या नेत्यांना पूर्व जर्मनीतून पश्चिमेकडे पळणाऱ्या माणसांचा लोंढा चिंतेत टाकत होता, म्हणून त्यांच्या दबावाखाली १० जून १९५३ रोजी सरकारला चर्चच्या प्रतिनिधींबरोबर बसून माघार घ्यावी लागली. काढलेली मुले शाळेत परत आली. आठवड्याभरातच, १७ जूनला, देशभर कामगारांचा उठाव झाला आणि तो सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला. या सगळ्यात तरुण मंडळी अधिकच घट्ट झाली. छळलेल्या मुलाभोवती सहानुभूती गोळा होते, हा धडा पक्षाने घेतला असावा, कारण पुढचे पाऊल पूर्णपणे वेगळ्या जातीचे होते.

‘युगेंडवाय’ या जर्मन शब्दाने ओळखला जाणारा समारंभ, ज्याला येथे युवादीक्षा म्हणू, कम्युनिस्टांनी शोधलेला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अधिकृत चर्चपासून फुटून निघालेल्या मुक्तधर्मी गटांनी आपल्या मुलांसाठी दृढीकरणाला पर्याय म्हणून तो सुरू केला, पुढे नास्तिक विचारवंतांनी आणि कामगार चळवळीने त्याचा स्वीकार केला, आणि १९२० च्या दशकात मोठ्या शहरांतील कामगार वस्त्यांत तो चांगलाच रुळला होता. १९३३ नंतर नाझींनी या संघटना मोडून काढल्या आणि तरुणांसाठी आपले स्वतःचे शपथविधी योजले. युद्धानंतर एसईडीने सुरुवातीला या जुन्या परंपरेला फारसे उत्तेजन दिले नाही. १९५३ च्या फजितीनंतर मात्र तिची आठवण झाली, आणि नोव्हेंबर १९५४ मध्ये एका ‘केंद्रीय समिती’च्या नावाने जाहीर आवाहन निघाले की चौदा वर्षांच्या सर्व मुलामुलींनी, त्यांची श्रद्धा कोणतीही असो, येत्या वसंतात युवादीक्षा घ्यावी. समितीवर लेखक, शास्त्रज्ञ, शिक्षक यांची नावे होती. पक्ष पडद्याआड होता. १९५५ च्या पहिल्या शपथेत शांतता, प्रगती आणि अखंड जर्मनी यांचा उच्चार होता, समाजवादाचा नव्हता. पहिल्या वर्षी त्या वयाच्या सुमारे १८ टक्के मुलांनी दीक्षा घेतली आणि पुढची दोन वर्षे आकडा पाव हिश्शाच्या आसपास रेंगाळला. ऐच्छिक गोष्ट खरोखर ऐच्छिक राहिली की तिचे काय होते, हे त्यावरून कळते.

चर्चने लगेच विरोध केला. बर्लिन-ब्रांडेनबुर्गचे बिशप ओटो डिबेलिउस यांच्यासारखे पुढारी नाझी काळात राज्याशी झगडलेले होते, आणि तरुणाची सबंध निष्ठा मागणारे राज्य त्यांनी एकदा पाहिलेले होते. ज्या मुलाने युवादीक्षा घेतली त्याला दृढीकरण मिळणार नाही, अशी भूमिका मंडळ्यांनी घेतली, कारण देवाविना जगाचे चित्र शिकविणाऱ्या समारंभात शपथ घेऊन लगेच वेदीपुढे विश्वासाची कबुली देणे हा दुटप्पीपणा ठरेल. धर्मशास्त्राच्या दृष्टीने ही भूमिका निर्मळ होती. सामान्य घरापुढे मात्र तिने ‘हे किंवा ते’ असा प्रश्न टाकला, आणि त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्या बाजूने वजनदार करायचे हे ठरविण्याची साधने चर्चच्या हाती नव्हती, राज्याच्या होती.

ती साधने १९५७ पासून वापरली गेली. त्या वर्षी फेब्रुवारीत अखंड जर्मनीच्या प्रॉटेस्टंट चर्चने, ज्यात तेव्हा पूर्वेकडच्या मंडळ्याही सामील होत्या, पश्चिम जर्मनीच्या सरकारशी तेथील सैन्यात पाळक नेमण्याचा करार केला, आणि चर्च हे शत्रूच्या लष्कराचे अंग असल्याचा प्रचार करण्यास पूर्वेच्या सत्तेला आयते निमित्त मिळाले. पक्षप्रमुख वाल्टर उलब्रिश्ट यांनी २९ सप्टेंबर १९५७ रोजी थ्युरिंगेनमधील झोनेबेर्ग या बाहुल्या-खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी युवादीक्षेच्या वर्गांचे उद्घाटन करताना केलेल्या भाषणाने ही राज्याचीच बाब असल्याचे सर्वांना कळून चुकले. त्यानंतर शिक्षक घरोघर जाऊ लागले आणि कारखान्यांतील वरिष्ठ आपल्या हाताखालच्या पालकांशी बोलू लागले. फेब्रुवारी १९५८ मध्ये शिक्षणमंत्री फ्रिट्झ लांगे यांच्या आदेशाने शाळेचे तास आणि ख्रिस्ती शिकवणीचा वर्ग यांच्यात किमान दोन तासांचे अंतर सक्तीचे झाले. दूरच्या वाडीवरून येणाऱ्या मुलाने रिकाम्या पोटी एवढा वेळ थांबणे शक्य नसल्याने कोणतीही बंदी न घालता खेड्यांतील वर्ग ओस पडू लागले. त्याच वर्षीच्या जुलैत उलब्रिश्ट यांनी पक्षाच्या अधिवेशनात समाजवादी नीतीच्या दहा आज्ञा जाहीर केल्या, म्हणजे मोशेच्या दहा आज्ञांना पर्यायही सिद्ध झाला. बारशाच्या आणि लग्नाच्या समाजवादी विधींचे नमुने तयार झाले, पण ती वाट फारशी मळली नाही. युवादीक्षेची मळली. १९५८ मध्ये सुमारे ४४ टक्के आणि १९५९ मध्ये सुमारे ८० टक्के मुलांनी ती घेतली, आणि नंतरच्या दशकांत हे प्रमाण ९५ टक्क्यांच्याही वर गेले.

एका वर्षात असे काय बदलले, याचे उत्तर शालेय रचनेत आहे. १९५९ पासून सर्वांसाठी दहा इयत्तांची शाळा रूढ झाली. विद्यापीठात जायचे असेल तर मात्र बारावीपर्यंतच्या ‘विस्तारित’ माध्यमिक शाळेत जागा मिळवावी लागे, आणि अशी जागा दर वर्षी दहापैकी साधारण एकाच विद्यार्थ्याला मिळे. ही निवड बराच काळ आठवीच्या अखेरीस होत असे. गुणांबरोबर पालकांचा सामाजिक वर्ग आणि विद्यार्थ्याची ‘समाजवादी राज्याशी असलेली निष्ठा’ तपासली जाई. म्हणजे ज्या वसंतात मुलाने दीक्षा घ्यायची की दृढीकरण हे ठरवायचे, त्याच वसंतात त्याच्या पुढच्या शिक्षणाचा कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडलेला असे. कायद्यात कुठेही लिहिलेले नव्हते की दीक्षा न घेणाऱ्याला डॉक्टर होता येणार नाही, आणि म्हणूनच कोणाला कुठे दाद मागताही येत नव्हती. काही जिल्ह्यांत दीक्षा न घेताही हुशार मुलाला जागा मिळे, काही ठिकाणी मिळत नसे. या अनिश्चिततेमुळे भीती आणखी पसरली. आईवडिलांनी हिशेब केला, आणि त्या हिशेबाला भ्याडपणा म्हणणे सोपे असले तरी न्याय्य नाही, कारण पणाला लागलेले आयुष्य त्यांचे नव्हते, मुलाचे होते.

समारंभाची आखणी विचारपूर्वक केलेली होती. आठवीच्या वर्षभरात ‘युवातास’ नावाच्या दहा बैठका होत, ज्यांत मुलांना कारखाना दाखविला जाई, जुने कामगार कार्यकर्ते आठवणी सांगत, आणि अनेक वर्गांना वायमारजवळच्या बुखेनवाल्ड या नाझी छळछावणीच्या स्मारकाला नेले जाई. वसंतातल्या एखाद्या शनिवारी किंवा रविवारी, म्हणजे दृढीकरणाच्याच हंगामात, गावातील सांस्कृतिक भवन, नाट्यगृह किंवा सिनेमागृह सजे. मुले नव्या कपड्यांत रांगेने आत येत, वाद्यवृंद वाजे, कोणी पक्षाधिकारी किंवा कारखान्याचा संचालक भाषण करी. मग शपथेतील प्रश्न वाचले जात आणि प्रत्येक प्रश्नावर सर्वांनी एका स्वरात होकार द्यायचा. बालवीर संघटनेतील लहान मुले प्रत्येकाला फुले देत, प्रमाणपत्र मिळे, आणि एक जाडजूड पुस्तक मिळे. १९७४ पर्यंत हे पुस्तक ‘विश्व, पृथ्वी, मानव’ या अर्थाच्या शीर्षकाचे होते, ज्यात ताऱ्यांच्या उत्पत्तीपासून माणसाच्या उत्क्रांतीपर्यंत आणि तेथून थेट समाजवादाच्या विजयापर्यंतचा प्रवास चित्रांसह मांडलेला असे. लक्षावधी घरांच्या कपाटांत ते दिसे, वाचले किती गेले हा प्रश्न वेगळा. दीक्षेनंतर शिक्षक विद्यार्थ्यांना अरेतुरे न करता मोठ्यांसारखे आदरार्थी संबोधू लागत, आणि त्याच वयात नागरिकाचे ओळखपत्रही हाती पडे. दुपारी घरी जेवणावळ, भेटीची पाकिटे, घड्याळ, पुढच्या काळात कॅसेट रेकॉर्डर किंवा मोपेड. बारकाईने पाहिले तर दृढीकरणाचा सांगाडा हाडन्हाड उचललेला होता: तयारीचे वर्ग, प्रश्नांना उत्तर, वचनाच्या जागी पुस्तक, पाळकाच्या जागी वक्ता. देव तेवढा वगळलेला होता, आणि बऱ्याच घरांना ती उणीव पुढच्या पिढीत जाणवेनाशी झाली.

आपला नियम टिकणार नाही हे १९६० च्या आसपास चर्चच्याही लक्षात आले. दीक्षा घेतलेल्या मुलाने वर्षभर थांबावे, मंडळीत येत राहावे आणि मग दृढीकरण घ्यावे, अशी तडजोड बहुतेक प्रांतिक चर्चनी स्वीकारली. तोवर पुष्कळ घरे तुटून गेली होती. कठोर भूमिकेमुळे चर्चने आपलीच माणसे घालविली, असा एक आक्षेप आहे, आणि आकड्यांच्या अंगाने तो खरा मानावा लागतो. सुरुवातीपासून सौम्य राहिले असते तर मंडळी राज्याच्या समारंभाची शेपटी झाली असती, हे दुसऱ्या बाजूचे म्हणणेही तितकेच खरे आहे. जी घरे उरली त्यांना आपण का उरलो हे ठाऊक होते, एवढे मात्र नक्की.

अशा घरातील मुलाचे रोजचे जगणे सततच्या नाट्याने भरलेले होते असे समजण्याचे कारण नाही. पहिल्या इयत्तेत बहुतेक वर्ग बालवीर संघटनेत जाई आणि निळा रुमाल गळ्यात बांधी. पाळकाचे मूल तेवढे बिनरुमालाचे, वर्गाच्या सामूहिक छायाचित्रात लगेच ओळखू येणारे. काही पालक मुलाला जाऊ देत, म्हणजे त्याला मित्रांपासून तुटल्यासारखे वाटू नये. काही ठाम नकार देत. पुढे संयुक्त जर्मनीच्या चॅन्सेलर झालेल्या अंगेला मेर्केल यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यांचे वडील होर्स्ट कास्नर १९५४ साली, लोक पश्चिमेकडे पळत असताना, हँबुर्गहून उलट्या दिशेने पूर्वेत पाळक म्हणून आले आणि पुढे टेम्प्लिन येथे स्थायिक झाले. मुलगी बालवीरांत गेली, पुढे निळा सदराही तिने घातला, पण युवादीक्षा न घेता १९७० मध्ये तिचे दृढीकरण झाले आणि तरीही तिला लाइपझिग विद्यापीठात भौतिकशास्त्राला प्रवेश मिळाला. कास्नर यांची राजवटीशी फटकून न वागण्याची भूमिका येथे कामी आली असावी. रोस्टोकचे पाळक आणि पुढे संयुक्त जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष झालेले योआखिम गाउक यांचे चित्र निराळे होते: १९५१ साली वडिलांना उचलून सैबेरियातील छावणीत धाडलेले, त्यामुळे राज्याच्या कोणत्याही युवक संघटनेत पाऊल टाकायचे नाही हे घरातच ठरलेले, जर्मन साहित्याच्या अभ्यासाला जागा मिळाली नाही, तेव्हा त्यांनी धर्मशास्त्राची वाट धरली.

ही वाट अनेकांनी याच कारणाने धरली. सहा सरकारी विद्यापीठांत धर्मशास्त्राच्या विद्याशाखा अखेरपर्यंत चालू होत्या, ही पूर्व जर्मनीची आणखी एक विचित्र गोष्ट. त्याखेरीज नाउमबुर्ग आणि पोट्सडाममधील हेर्मान्सवेर्डर येथे चर्चच्या स्वतःच्या माध्यमिक शाळा होत्या, जेथे लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू शिकवली जाई. तेथील अंतिम परीक्षेला राज्याची मान्यता नव्हती, तिच्या जोरावर चर्चच्याच महाविद्यालयात धर्मशास्त्र शिकता येई. परिणाम असा झाला की ज्यांना एरवी इंजिनिअर, वकील किंवा पत्रकार व्हायचे होते अशी बुद्धिमान मुले पाळकांच्या व्यवसायात लोटली गेली, आणि राज्याने आपल्या हाताने आपले सर्वांत वाक्पटू टीकाकार एका छपराखाली गोळा केले.

कॅथलिकांची संख्या थोडी होती आणि त्यांचे बिशप राज्याशी वाद आणि सलगी दोन्ही टाळून राहिले. थ्युरिंगेनच्या वायव्येकडील आइक्सफेल्ड हा डोंगराळ मुलूख मात्र शतकानुशतके कट्टर कॅथलिक. पक्षाने तेथे लाइनेफेल्डला मोठी सूतगिरणी उभारून कामगारवर्ग आणि त्याबरोबर नवा विचार आणण्याचा प्रयत्न केला. गिरणी चालली, यात्राही चालू राहिल्या, आणि उन्हाळी सुट्टीत कॅथलिक मुलांसाठी भरणारे ‘धार्मिक सप्ताह’ही.

शाळेतील या दडपणाचा प्रश्न अकस्मात जगापुढे आला तो १८ ऑगस्ट १९७६ रोजी, जेव्हा ओस्कार ब्रुझेवित्झ या पाळकाने झाइट्झ येथील चर्चसमोर आपल्या मोटारीवर मुलांवरील दडपशाहीबद्दल कम्युनिझमला दोष देणारे फलक लावले आणि अंगावर पेट्रोल ओतून स्वतःला पेटवून घेतले. चार दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. पक्षाच्या मुखपत्राने त्यांना मनाचा तोल गेलेला माणूस ठरविले, आणि त्यामुळे आजवर गप्प राहिलेले कित्येक ख्रिस्ती अधिक चिडले. ६ मार्च १९७८ रोजी राष्ट्रप्रमुख एरिख होनेकर आणि बिशप आल्ब्रेश्ट श्योनहेर यांची भेट झाली, चर्चला काही सवलती मिळाल्या, आणि त्या वेळी श्योनहेर यांनी बजावले की राज्य आणि चर्च यांचे संबंध चांगले आहेत की नाहीत, हे एकेका ख्रिस्ती नागरिकाला त्याच्या गावी येणाऱ्या अनुभवावरून ठरेल. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून नववी-दहावीला लष्करी शिक्षण हा सक्तीचा विषय झाला. शिक्षणखाते १९६३ पासून मार्गोट होनेकर यांच्याकडे होते आणि पतीने केलेला समझोता पत्नीच्या खात्यात फारसा पोचला नाही.

सैनिकी शिक्षणाच्या सक्तीतून एक कापडी तुकडा जन्मला, ज्याची कथा सविस्तर सांगण्यासारखी आहे. १९८० पासून प्रॉटेस्टंट तरुण दर नोव्हेंबरात दहा दिवस शांततेसाठी प्रार्थना आणि चर्चा करू लागले, आणि त्यांच्यासाठी झाक्सेनचे युवक पाळक हाराल्ड ब्रेटश्नायडर यांनी एक बोधचिन्ह निवडले: तलवार ठोकून तिचा नांगराचा फाळ करणारा बलदंड पुरुष. विचार बायबलमधील मीखा या संदेष्ट्याचा; चित्र मात्र शिल्पकार येवगेनी वुचेतिच यांच्या पुतळ्याचे, जो खुद्द सोव्हिएत संघाने १९५९ साली संयुक्त राष्ट्रसंघाला भेट दिला होता. कागदावर छापायला सरकारी परवाना लागे, कापडावर छापणे हे वस्त्रोद्योगाच्या सदरात मोडत असल्याने लागत नसे. म्हणून हेर्नहुट येथे जाड न विणलेल्या कापडावर एक लाखाहून अधिक वाचनखुणा छापल्या गेल्या. पुढच्या वर्षी हाच नमुना गोल तुकड्याच्या रूपात आला आणि मुलांनी तो जाकिटांच्या बाहीवर शिवला. सोव्हिएत पुतळ्याचे चित्र बाळगल्याबद्दल शिक्षा कशी करायची, हा पेच काही महिने टिकला. मग पोलीस आणि शिक्षक तो तुकडा उसवायला लावू लागले, कधी कात्रीने कापून घेऊ लागले, आणि न ऐकणाऱ्याला शाळेतून किंवा प्रशिक्षणातून काढण्याची धमकी देऊ लागले. तेव्हा अनेक मुलांनी बाहीला पडलेले गोल भोक तसेच ठेवले, काहींनी त्या जागी पांढरे वर्तुळ शिवले. सप्टेंबर १९८३ मध्ये विटेनबर्गमधील लूथरच्या घराच्या अंगणात पाळक फ्रीडरिश शोर्लेमर यांच्या पुढाकाराने एका लोहाराने जमावासमोर खरोखरच तलवारीचा फाळ घडविला. लूथरच्या जन्माला त्या वर्षी पाचशे वर्षे होत होती आणि राज्याच्या उत्सवसमितीचे अध्यक्ष होते होनेकर, त्यामुळे पाहुण्यांच्या देखत कोणाला पकडणे अवघड होते.

याच मुलांपैकी काहींनी शस्त्र हाती घेण्यास नकार दिला. १९६२ पासून लष्करी सेवा सक्तीची होती, आणि १९६४ च्या आदेशाने शस्त्राविना सेवेची मुभा देणारी ‘बांधकाम सैनिक’ नावाची तुकडी निघाली, ज्यांच्या खांद्यावर फावड्याचे चिन्ह असे. सोव्हिएत गोटात अशी सोय अन्यत्र नव्हती. तिची किंमत बहुधा विद्यापीठातील जागा ही असे.

१९८२ पासून लाइपझिगच्या निकोलाई चर्चमध्ये दर सोमवारी होणाऱ्या शांतताप्रार्थनेतूनच ९ ऑक्टोबर १९८९ रोजी सुमारे ७० हजारांचा जमाव रस्त्यावर आला आणि त्यावर गोळी झाडण्याचे धाडस कोणी केले नाही, हे सर्वश्रुत आहे. त्या जमावातील बहुसंख्य लोक चर्चचे सभासद नव्हते, ही गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते. मंडळीने छप्पर दिले, बोलण्याची रीत दिली, माघार न घेता शांत राहण्याची शिस्त दिली. बाके मात्र पुढच्या वर्षी पुन्हा रिकामी झाली. सत्ता गेल्यावर होनेकर पतिपत्नींना राहायला जागा उरली नाही, तेव्हा ३० जानेवारी १९९० रोजी बर्लिनच्या ईशान्येस असलेल्या लोबेटाल येथील पाळक उवे होल्मर यांनी त्यांना आपल्या घरात आसरा दिला आणि एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत ठेवून घेतले. होल्मर यांना दहा मुले होती, आणि त्यांतील बहुतेकांना चांगले गुण असूनही पुढच्या शिक्षणाची जागा नाकारण्यात आली होती. बाहेर निदर्शने होत होती, घरात मार्गोट होनेकर त्या कुटुंबाच्या टेबलाशी जेवत होत्या.

युवादीक्षेचा समारंभ राज्याबरोबर संपला नाही. शपथ आणि पक्ष वगळून खासगी संस्था तो भरवू लागल्या, आणि आजही पूर्वेकडच्या प्रांतांत दृढीकरण घेणाऱ्यांपेक्षा दीक्षा घेणारी मुले अधिक असतात, कारण त्यांच्या आईवडिलांनी आणि आजी-आजोबांनीही ती घेतलेली असते. २००८ च्या एका आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणात पूर्व जर्मनीतील निम्म्याहून अधिक लोकांनी आपण देव मानत नाही असे सांगितले, आणि पाहणी झालेल्या सर्व प्रदेशांत हे प्रमाण सर्वाधिक ठरले. ज्यांनी चौदाव्या वर्षी उलट निवड केली आणि त्यापायी शाळा गमावली, त्यांच्यासाठी संयुक्त जर्मनीने १९९४ च्या पुनर्वसन कायद्यात ‘छळ झालेले विद्यार्थी’ असा स्वतंत्र वर्ग केला. तुरुंग भोगलेल्यांना भरपाई मिळाली. या विद्यार्थ्यांच्या पदरात अन्याय झाल्याचे प्रमाणपत्र आणि पुढे शिकायचे असल्यास शिष्यवृत्तीच्या काही सवलती एवढेच तेव्हा पडले, आणि कायदा आला तेव्हा १९५० च्या दशकात शाळेतून काढलेली मुले साठीच्या उंबरठ्यावर होती.